बोंगिमची पहाट

माझी धाकटी जाऊ बोंगिम एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिचं ब्लडप्रेशर एकशे अठरा आहे. एकशे अठरा. कॉलेजातल्या पोरींचं असतं तेवढं. दर गुरुवारी आम्ही दोघी आरोग्य केंद्रात जातो. नर्स आधी तिच्या दंडाला पट्टा बांधते, मग माझ्या. तिच्या वहीत आकडा लिहिताना हसते, माझ्या वहीत लिहायच्या आधी चष्मा पुसते. पाच वर्षांनी मोठी मी, घराण्याची थोरली सून मी, आणि कौतुक हिचं. पोटात दुखणार नाही तर काय होणार?

माझं नाव दोकरे. सासूसासरे गेले, आम्हा दोघींचे नवरे गेले, मुलं शहरात गेली. डोंगराच्या पायथ्याशी एका गल्लीत समोरासमोर दोन घरं उरली आणि त्यांत दोन म्हाताऱ्या. मी दार उघडलं की तिचं दार दिसतं. स्वभाव माझा तापट आहे, ते मी नाकारत नाही. भाजीच्या ट्रकवाल्याशी, गल्लीत आडवी गाडी लावणाऱ्याशी, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्याशी, सगळ्यांशी माझं वाजतं. बोंगिमशी तेवढं वाजत नाही, कारण एका हाताने टाळी वाजत नाही. मी दहा बोलले की ती म्हणणार, "बरं जाऊबाई," आणि कामाला लागणार. ते "बरं" ऐकलं की माझ्या अंगाची लाही लाही होते.

यंदा जुलैमध्ये मला स्वयंपाकघरात भोवळ आली. किमचीचा डबा हातातून सुटला, त्याचा आवाज ऐकून बोंगिमच धावत आली, तिनेच दवाखान्याची गाडी बोलावली, तिनेच माझ्या मुलाला फोन केला. तेही तिनेच करायचं होतं. ग्योंगतेक देगू शहरातून आला तेव्हा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर होता. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. आणि माझा मुलगा, ज्याला मी कधी ओरडून बोलले नाही, म्हणजे फार नाही, तो खाटेजवळ बसून मला अटी घालू लागला.

"आई, सुगीच्या छुसक सणापर्यंत वाट बघतो. त्या दिवशी मी माझं मशीन घेऊन येईन. वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत असेल तर राहा इथे. नसेल तर देगूला चल. घराला कुलूप लावू."

"सतराव्या मजल्यावर? माझे सॉसचे रांजण कुठे ठेवशील, लिफ्टमध्ये?"

"रांजण काकूला दे."

चाळीस वर्षं मुरलेला सोयाबीनचा सॉस आहे त्या रांजणांत. काकूला दे म्हणे. मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत पडले. पण त्याचं संपलं नव्हतं.

"आणि काकूकडून शीक काहीतरी. पहाटे उठते, झऱ्यावर जाते, शांत बसते. तुझी सकाळ कशी सुरू होते? टीव्ही लावून आणि त्याला शिव्या देऊन."

घर राखायचं असेल तर बोंगिमसारखं व्हायचं. असं म्हणायला माझ्या पोटचा गोळा देगूहून सव्वा तास गाडी चालवत आला.

तर मी आधी तिची टेहळणी केली. आठ दिवस खिडकीच्या फटीतून. साडेचारला दिवा लागतो. अंथरुणाची घडी, पेलाभर कोमट पाणी, उभ्या उभ्या हात वर, हात खाली. पाच वाजायला आले की पाठीवर बाटल्यांची पिशवी, हातात काठी, आणि ही निघाली डोंगरावर. साडेसातला परत. मग अंगण झाडायचं, बार्लीची पेज, आणि दिवसभर तो तसला चेहरा. कुणाचं काही देणंघेणं नसलेला. तो चेहरा बघून मला वाटायचं की हिच्या पोटात काहीतरी गोड दडवलेलं आहे आणि ही ते एकटीच चघळतेय.

वर काय करते ते बघायला एक दिवस मी मागोमाग गेले. काही नाही हो. झऱ्यापाशी दगडी कुंड आहे, रात्रभर त्यात पाणी साठतं. तिने दांडीवरचं लाल प्लास्टिकचं ओगराळं घेतलं, एक ओगराळं पाणी प्यायली, एक बाटली भरली. मग बूट काढून लाल मातीच्या वाटेवर अनवाणी फेऱ्या. मग पाइनच्या झाडाला पाठ लावून हळूहळू धक्के. मग बाकावर बसली. नुसती बसली. देवाचं नाव नाही, गाणं नाही, फोन नाही. गावातले चू आजोबा व्यायाम म्हणून रोज टाळ्या वाजवत उलटे चालतात, ते तिच्या बाकासमोरून चारदा गेले आणि तिने मानसुद्धा वळवली नाही.

पण मी थोरली सून आहे, मला एक गोष्ट लगेच दिसली. ती प्यायली ते पहिलं पाणी होतं. पहाटे कुणीही हात लावायच्या आधी कुंडातून काढलेलं पाणी. आमच्या सासूबाई रोज ते पाणी पांढऱ्या वाडग्यात घालून रांजणांच्या ओट्यावर ठेवायच्या, हात चोळत घरादारासाठी मागणं मागायच्या. त्या पाण्यात ताकद असते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी मनात म्हटलं, अस्सं. एकशे अठरा त्या ओगराळ्यात आहे तर. बाकी हातवारे नि बाक ही सगळी धूळफेक. आणि पहिलं पाणी म्हणजे थोरल्या सुनेचा हक्क. माझ्या वाटणीचं पाणी ही इतकी वर्षं पितेय आणि माझंच डोकं गरगरतंय.

दुसऱ्या दिवशी मी पावणेपाचला निघाले. ती माझ्या पुढे होती, कारण माझे गुडघे. तिसऱ्या दिवशी साडेचारला. वाटेत तिने मला गाठलं, "जाऊबाई, सांभाळून," म्हणाली आणि पुढे गेली. पुढे जाताना दम लागलेला नाही, काही नाही. मी चारचा गजर लावला. मग पावणेचारचा. गजर वाजायच्या आधीच मी टक्क जागी असायचे, ती उठली की काय बघायला खिडकीशी जायचे, तिच्या अंधाऱ्या घराकडे बघून मला बरं वाटायचं, मग मी टॉर्च घेऊन निघायचे. असं करत करत एकदाचं पहिलं पाणी मला मिळालं. दोन ओगराळी प्यायले. एक माझं, एक मागच्या बाकीचं. पोट गार पडून दुखायला लागलं तरी प्यायले.

सव्वापाचला बोंगिम आली. कुंडातलं पाणी हललेलं तिला दिसलं. मी वाट बघत होते की आता तरी चेहरा पडेल.

"आज तुम्हाला पहिलं मिळालं वाटतं. छान झालं," ती म्हणाली. दुसरं पाणी प्यायली, बूट काढले आणि फेऱ्या मारायला लागली. तोच चेहरा.

चिडावं तरी कशावर? मी बाकावर आधी जाऊन बसले, तर ती दगडावर बसली. दगडावरही तितकीच निवांत. चू आजोबा उलटे चालत आले आणि मला म्हणाले, "दोकरेबाई, याहून लवकर निघालात तर आदल्या दिवशीच पोचाल."

"तुम्ही आधी सरळ चालायला शिका," मी म्हटलं.

दोन आठवडे रोज पहिलं पाणी माझं. गुरुवारी मी मान ताठ ठेवून आरोग्य केंद्रात गेले आणि बोंगिमच्या आधी हात पुढे केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते झालं. एकशे चौऱ्याऐंशी. नर्सने चष्मा दोनदा पुसला. "आजी, झोप किती होते?"

"झोपायला मेल्यावर वेळच वेळ आहे."

"मग तो फार लांब नाही," ती पोरगी म्हणाली. पुढे बोंगिमच्या दंडाला पट्टा. एकशे सोळा. दुसरं पाणी पिऊन दोन आकडे खाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. सणाला पाच आठवडे राहिले होते. मला देगूचा तो सतरावा मजला दिसत होता, सूनबाईचं गोड गोड बोलणं ऐकू येत होतं, आणि माझ्या ओट्यावर उभी राहून रांजणांची झाकणं उघडणारी बोंगिम दिसत होती. सॉस तिच्या हाताने आणखी चांगला मुरेल, हेही मला माहीत होतं. ते तर सगळ्यात वाईट.

पहाटे झऱ्यावर पोचले. पाणी काढलं नाही. बाकावर बसून राहिले. बोंगिम आली, तिने माझ्याकडे बघितलं आणि पाणी न पिताच माझ्या शेजारी बसली.

"बोंगिम, खरं सांग," मी म्हटलं. "तुझं हे सगळं कुणी शिकवलं तुला? कोणत्या डॉक्टरने? पुस्तक आहे का? पाण्यात काय घालतेस?"

तिने पिशवीतून बाटली काढली. मग म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत की, जाऊबाई."

मला वाटलं टोमणा मारतेय. पण ती टोमणे मारत नाही.

"मी लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात," ती म्हणाली. "सासूबाईंचं पहिलं पाणी तुम्ही आणायचात. मी आल्यावर महिन्याभरात तुम्ही म्हणालात, उद्यापासून तू जा. डोक्यावर चुंबळ, त्यावर मडकं. एकदा माझ्या आधी दुसऱ्या बाईने पाणी काढलेलं तुम्हाला कळलं, तर तुम्ही माझं मडकं अंगणात ओतून टाकलंत. म्हणालात, उष्टं पाणी देवाला ठेवतात का, उद्या चारला ऊठ."

आठवलं. न आठवायला काय झालं? ती आली त्या महिन्यात सासूबाई तिच्या हातचं सूप प्यायल्या होत्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या की हिच्या हाताला चव आहे. माझ्या हाताला पाच वर्षांत काही म्हणाल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी माझी चुंबळ हिच्या हातात दिली. आतून जळत होते मी, आणि बाहेर बर्फ पडत होता. तिच्या मडक्याच्या काठाला बर्फाचे तुकडे लागलेले असायचे. अकरा वर्षं, सासूबाई जाईपर्यंत, मी त्या वेळी खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर पांघरूण घेऊन पडून असायचे.

"पहिली दोन वर्षं मी वर येईपर्यंत रडायची," बोंगिम म्हणाली. "तुम्हाला शिव्या द्यायची. मोठ्याने. इथे कोण ऐकतंय? तिसऱ्या वर्षी कधीतरी लक्षात आलं की मी रडायचं विसरले. दिवसभरात मला कुणाचीच हाक न येणारी तेवढीच वेळ होती, जाऊबाई. सासूबाईंची नाही, तुमची नाही, मुलांची नाही. मला ती आवडायला लागली. मग मला भीती वाटायला लागली."

"कसली?"

"मला आवडतंय हे तुम्हाला कळलं तर तुम्ही बंद कराल, याची. म्हणून घराशी आले की मी तोंड पाडून आत यायची."

तिचं म्हणणं खरं होतं. कळलं असतं तर मी त्याच दिवशी बंद केलं असतं. ते पडलेलं तोंड बघून मी रोज सकाळी समाधानाने उठायचे. म्हणजे तिने नऊ वर्षं मला फसवलं होतं. आणि ज्याच्यासाठी मी महिनाभर धापा टाकत डोंगर चढत होते, ते माझंच काम होतं, मीच तिच्या डोक्यावर ठेवलेलं. चुंबळीसकट. मला आधी राग आला. मग रडू आलं, तेही रागानेच.

नाक पुसून मी म्हटलं, "बरं. झालं ते झालं. आता मला रोज बरोबर घेऊन येत जा. मी एक शब्द बोलणार नाही. शेजारी बसेन. तू बसतेस तशी बसायला शिकव. माझं घर जातंय, बोंगिम."

तिने बाटलीचं झाकण लावलं. काढलं. परत लावलं.

"नाही, जाऊबाई."

एकावन्न वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुम्ही जे जे सांगितलंत ते मी केलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सणांचा स्वयंपाक केला, सासूबाईंचं अंथरुणातलं केलं, तुमच्या मुलाचे डबे केले. अजून काही सांगा, करेन. ही वेळ देणार नाही. तुम्ही शेजारी बसलात की मी तुमची धाकटी जाऊ होते. पाय दुखतात का, थंडी वाजते का, हेच बघत बसते. हा महिना मी इथे बसलेच नाही. तुम्ही मागून या. मी खाली उतरल्यावर या."

मी उठून खाली आले. वाटेत तिला नाही नाही ते बोलले, झाडांना ऐकवलं. म्हातारचळ लागलाय, माजलीय, डोंगर काय हिच्या बापाचा आहे? घरी येऊन टीव्हीसुद्धा लावला नाही. सकाळी सात वाजता अंथरुणावर पडले ती दुपारी एकला उठले.

नंतरच्या दिवसांत मी गजर लावला नाही. लावून करायचं काय? सहाला जाग यायची, सातला निघायचे. ती उतरताना तिसऱ्या वळणावर भेटायची. "दगड ओला आहे," एवढंच म्हणायची. मी "हं" म्हणायचे. वर पोचायचे तोवर कुंडात दहा जणांनी ओगराळी बुडवलेली असायची. दहावं, बारावं पाणी प्यायचं आणि बसायचं. शांत वगैरे काही वाटायचं नाही, खोटं कशाला सांगू? तिचा बाक अजून गरम आहे की काय, हे मी हात लावून बघायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण कुणाच्या पुढे पोचायचं नव्हतं, त्यामुळे चढताना थांबता यायचं. गुरुवारचे आकडे एकशे अडुसष्ट, सत्तावन्न, पन्नास.

छुसकच्या सकाळी ग्योंगतेक बायकोमुलांना घेऊन आला. पितरांना वाढून झालं, सगळे जेवले, सोंगप्योनचं, म्हणजे सणाच्या तांदळाच्या करंज्यांचं, ताट फिरलं, आणि त्याने पिशवीतून मशीन काढलं. बोंगिम ताट हातात घेऊन तिथेच उभी राहिली. पट्टा फुगला, पट्टा सुटला. एकशे सेहेचाळीस. पाच मिनिटांनी पुन्हा. एकशे चव्वेचाळीस.

"आई," तो म्हणाला, "ठरलं होतं आपलं." त्यालाही बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. पण तो माझा मुलगा आहे, हट्ट कुठून आला ते मला माहीत आहे.

तेव्हा बोंगिमने ताट खाली ठेवलं. "ग्योंगतेक, नव्या वर्षापर्यंत थांब. उद्यापासून मी जाऊबाईंना माझ्याबरोबर नेते. पाचला. माझी जबाबदारी."

"काकू, तुम्ही बरोबर असाल तर प्रश्नच नाही," तो लगेच म्हणाला. सूनबाईने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

घर मिळालं होतं. रांजण मिळाले होते. पाचची वेळही मिळाली होती, जी महिनाभर झगडून मिळाली नव्हती. नुसतं हो म्हणायचं होतं. आणि मला म्हणायचं होतं, शब्द ओठांपर्यंत आला होता. बोंगिम माझ्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे ताटावर होते आणि तोंड पडलेलं होतं. या खेपेला ते मुद्दाम पाडलेलं नव्हतं, एवढं मला आता ओळखता येतं.

"नको," मी म्हटलं. "मी सातलाच जाणार."

"आई, वेडेपणा करू नकोस. मग देगूला..."

"वही आण ती. वाच. पहाटे उठून पळत होते तेव्हा किती? एकशे चौऱ्याऐंशी. सातला जायला लागल्यापासून किती? एकशे पन्नास. आज चव्वेचाळीस, तेही तू समोर पोलिसासारखा बसलेला असताना. माझा आकडा सातच्या पाण्याने उतरतोय. पाचला मला नेलं तर नव्या वर्षाला पितरांच्या ओळीत मला वाढायला ये."

त्याने वही दोनदा चाळली. बँकेत काम करतो, आकड्यापुढे त्याचं काही चालत नाही. शेवटी म्हणाला, "नव्या वर्षापर्यंत. एकशे चाळीस. एकही वर नाही."

"एकही नाही," मी म्हटलं.

ते लोक गेल्यावर आम्ही दोघी भांडी धुवायला बसलो. मी घासत होते, ती विसळत होती. शेवटी मलाच राहवेना.

"खरंच नेलं असतंस मला?"

"नेलं असतं," बोंगिम म्हणाली. वाटी विसळली, पालथी घातली, दुसरी घेतली. "पहिल्या वळणावरून ढकलूनही दिलं असतं."

एकावन्न वर्षांत मला मारलेला हा तिचा पहिला टोमणा. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी तिच्याकडे बघत राहिले, माझ्या हातावरून साबण ओघळत होता, आणि मग मला हसू आलं ते थांबेचना. ती म्हणाली, "जाऊबाई, हसा, पण ताट द्या."